लेकीच्या घरचे आवतण

'आवतण' हा शब्द आता शहरातल्या मुलांच्या कानावर फारसा पडत नाही. निमंत्रण म्हणा, बोलावणे म्हणा, अर्थ तोच. पण आमच्या पिढीच्या माणसाला आवतण म्हटले की नुसते जेवण आठवत नाही. कोणीतरी आपले नाव घेऊन, आपल्याला माणूस समजून, 'या, आमच्याकडे बसून दोन घास खा' असे म्हणते, त्याला आवतण म्हणतात. आमच्या आईबापांच्या वाट्याला सणाचे अन्न आले, पण आवतण आले नाही. ह्या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते आम्हांला ठाऊक होतेच. पण २०२५ सालच्या बुद्धपौर्णिमेला ते आमच्या नातीलाही कळले, म्हणून हे चार शब्द लिहीत आहोत.

आम्ही म्हणजे एक म्हातारा आणि एक म्हातारी. पेन एकाच्या हातात आहे, पण बोलणे दोघांचे आहे, म्हणून 'आम्ही'च लिहितो. खेड तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी आमची बौद्धवाडी आहे. म्हाताऱ्याचे वय कागदावर सत्त्याहत्तर. कागदावर म्हणायचे कारण असे की, आई सांगायची, 'तू भातझोडणीत झालास.' पण शाळेच्या दाखल्यावर १ जानेवारी १९४८ लागली आणि तीच पुढे आधार कार्डावर चढली. म्हातारी बहात्तरची. म्हाताऱ्याने लालबागच्या गिरणीत साच्यावर काम केले. जानेवारी १९८२ मध्ये संप झाला, त्यानंतर गिरणीचा भोंगा आमच्यासाठी पुन्हा वाजला नाही आणि म्हातारा वळकटी घेऊन गावी परतला. तोपर्यंत गावचे घर, सासू-सासरे आणि तीन पोरे म्हातारीने एकटीने सांभाळली होती. दोन मुलगे आता मुंबईकडे आहेत, एक दिव्याला, एक विरारला. दोघांच्या खोल्या दहा बाय बाराच्या. लेक महाडला दिली आहे. जावई एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहेत.

लेकीचा फोन रोज येतो. पण पौर्णिमेच्या दहा दिवस आधी जो फोन आला त्यावर विहीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, पौर्णिमेला तुम्ही दोघांनी हिकडं जेवायला यायचं. नुसतं सांगत नाय, आवतण देतेय."

म्हातारी फोन धरून गप्पच राहिली. त्याला कारण आहे. जुनी रीत अशी की, लेकीच्या घरचे पाणी पिऊ नये. म्हातारीचे वडील लेकीला पहिले मूल होईपर्यंत आमच्या घरी जेवले नाहीत. लेकीला भेटायला यायचे, ओटीवर बसायचे आणि घरून बांधून आणलेली भाकरी सोडून खायचे. लेक आतून रडायची. दीक्षेनंतर आमच्या लोकांनी देव्हाऱ्यातले टाक नदीला सोडले, पण असल्या रीती कोनाकोपऱ्यांत राहून गेल्या. आम्ही महाडला जात होतो ते दोन घटकांसाठी. चहा घ्यायचा, नातवंडांच्या हातावर खाऊ ठेवायचा आणि दुपारच्या गाडीने परत. सणाला मुलांकडे जायचे, लेकीकडे नाही, हे कोणी न शिकवताच ठरून गेले होते. आता घरातल्या वडीलधाऱ्या बाईनेच आवतण दिले. मग नाही कसे म्हणायचे?

सोमवार, १२ मे. वाडीतली वंदना संध्याकाळी असते, म्हणून सकाळची वेळ मोकळी होती. रात्रीच्या वस्तीची एसटी पहाटे सुटते, ती आम्ही धरली. बरोबर दोन पिशव्या. एकीत रायवळ आंबे, कुळथाचे पीठ, भाजलेले काजू आणि थोडी सुकट. दुसरीत औषधे, चष्मा आणि बदलायचे पांढरे कपडे. शिवाय एक फणस. फणस घेऊ नको असे म्हातारा तीनदा म्हणाला, म्हातारीने तीनदा ऐकले नाही.

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या माणसांना एसटीत तिकीट पडत नाही आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. कंडक्टर पोरगा गमत्या होता. म्हणाला, "आजोबा फुकट, आजी अर्ध्या, मग फणसाचं पुरं काढू काय?" सगळी गाडी हसली. पण खरे सांगायचे तर ह्या सवलतीने म्हाताऱ्या माणसांना फार मोठी गोष्ट मिळाली. पूर्वी लेकीकडे जायचे म्हणजे आधी कोणाकडे तरी पैशाचा शब्द टाकायचा. आता आधार कार्ड दाखवले की झाले. मिंधेपणा गेला.

खेडच्या स्टँडवर गाडी बदलली. कशेडी घाटात पूर्वी म्हातारीला हटकून उलटी व्हायची. आता बोगदा झाल्याने वळणे टळली. पोलादपूर मागे टाकून महाडला उतरलो तेव्हा नात स्टँडवर उभी होती. दहावीची परीक्षा दिलेली पोर, निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता, तोंड सुकलेले. पण आमच्या हातातला फणस आधी तिने काखेत मारला आणि म्हणाली, "आजी, तू भाजीची टोपली घेऊन यायचीच राहिलीस बघ." टोपली हा शब्द ती सहज बोलून गेली. पुढे दुपारी त्याच शब्दावर सगळे येणार होते, हे तिला काय ठाऊक!

लेकीचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर आहे. जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचे पाणी महाडात शिरले तेव्हा ते तळमजल्यावर होते. भांडी, गादी, पोरांची पुस्तके, सगळे चिखलात गेले. नंतर भाडे जास्त पडले तरी वरची जागा घेतली. जिना चढताना म्हातारीचे गुडघे बोलू लागले. विहीणबाई वरच्या पायरीवर पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. पाय धुवायला पाणी देऊन त्यांनी 'जयभीम' केला.

जावई पांढरा सदरा घालून बसले होते, पण डोळे लाल. मागाहून कळले, कंपनीला बुद्धपौर्णिमेची सुट्टी नव्हती. दिवसपाळी होती ती एका सोबत्याशी बदलून त्यांनी रात्रपाळी केली, सकाळी सात वाजता सुटले, आंघोळ केली आणि झोपलेच नाहीत. "मामा, तुम्ही येणार आणि मी पाळीवर, बरं दिसतं का?" असे म्हणाले. आपल्या कामगार घरांतल्या सणाची किंमत अशी असते. पंचांगात सण कोणाचाही असो, आपल्या माणसाला तो झोप मोडून विकत घ्यावा लागतो.

आधी सगळे विहारात गेलो. त्रिशरण, पंचशील, वंदना झाली. परत आलो तर स्वयंपाकघरात लेक आणि विहीणबाई कामाला लागलेल्या. म्हातारी उठली की लेक म्हणे, "आई, तू बस." पोळपाटाला हात लावला की नात म्हणे, "आजी, तू बस." दहा मिनिटांत म्हातारीचे तोंड एवढेसे झाले. ज्या बाईने आयुष्यभर दहा माणसांचे रांधले तिला रिकामे बसवणे म्हणजे मान देणे नव्हे, ती शिक्षा आहे. हे ओळखले ते विहीणबाईंनी. त्यांनी विळी, तेलाची वाटी आणि फणस म्हातारीपुढे आणून ठेवला. विचारले, "ताई, कापा हाय की बरका?"

"कापा," म्हातारी म्हणाली, आणि हाताला तेल लावून कामाला लागली. मग काय विचारता! गरे एकीकडे, आठळ्या एकीकडे, चारखंड बाजूला. आठळ्या कशात घालायच्या, ह्या साली काजूला भाव काय आला, सुनेच्या बाळंतपणात कोण गेले होते, सगळ्या गप्पा फणसावरच झाल्या. त्या अर्ध्या तासात म्हातारी पाहुणी राहिली नाही, घरातली झाली.

खिरीवरून थोडा वाद झाला. लेकीच्या मते खीर दुधाची, वेलची घातलेली. विहीणबाईंच्या मते तांदळाची, नारळाचा रस आणि गूळ घातलेली. शेवटी दोन्ही केल्या. बुद्धपौर्णिमेला घरोघर खीर का करतात ते आपल्या लेकरांना माहीत असतेच. उपासाने देह झिजवून सत्य सापडत नाही हे ओळखलेल्या गौतमाला सुजातेने खीर दिली, ती त्याने खाल्ली आणि पुढे त्याला बोधी लाभली. एका साध्या घरच्या बाईचे अन्न त्याने आदराने स्वीकारले. आम्हांला तरी ह्या सणाचे मर्म एवढेच वाटते, की देणारी आदराने देते आणि घेणारा आदराने घेतो.

म्हाताऱ्याला साखरेचा आजार आहे. लेकीने त्याच्या पानात खिरीची सर्वांत लहान वाटी ठेवली आणि गोळी आधी हातात दिली. आग्रहाचा तमाशा केला नाही, आणि 'तुम्हांला चालत नाही' म्हणून वाटी काढूनही घेतली नाही. दोन घोट खीर, पण त्या वाटीत आम्ही सगळ्यांबरोबर होतो.

जेवायला सगळे एकदम बसलो. आधी पुरुष, मग पोरे आणि बायका उरलेसुरले, अशी पंगत नाही. म्हातारीला खाली बसता येत नाही म्हणून तिला खुर्ची आणि पुढे स्टूल दिले. ती एकटी उंच दिसू नये म्हणून विहीणबाईही खुर्चीवर बसल्या. वाढायला जावई आणि नात. पुऱ्या, बटाट्याची भाजी, काळ्या वाटाण्याची आमटी, भात, पापड, आमच्या आंब्याच्या फोडी, दोन तऱ्हांची खीर आणि गरे. सरणत्तयं म्हणून सगळ्यांनी घास घेतला.

जेवता जेवता नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही लहान होता तेव्हा सणाला काय काय करायचे?"

म्हातारा पुरी मोडता मोडता थांबला. असे प्रश्न पूर्वीही आले होते. तेव्हा आम्ही 'नाचणीची भाकर न सुकट' म्हणून विषय बदलत होतो. चांगल्या ताटावर वाईट गोष्ट कशाला काढायची, असे वाटायचे. त्या दिवशी म्हातारीने मान हलवली. सांगा, असा त्याचा अर्थ. मग म्हाताऱ्याने सांगितले.

सणाच्या दिवशी आमच्या चुलीवर काही गोड होत नसे. दिवेलागणीला आई टोपली घेऊन गावात निघायची. म्हातारा तेव्हा सहा-सात वर्षांचा, तो मागे मागे. कोणाच्या दाराशी जायचे नाही. अंगणाच्या कडेला उभे राहून हाक द्यायची. आतून कोणीतरी यायचे आणि हात लागू नये अशा बेताने वरून टोपलीत टाकायचे. भात, भाकरी, भाजी, आमटीतल्या फोडी, सगळे एकात एक. दहा घरे झाली की कोणत्या घरचे काय ते ओळखू येत नसे. शिमग्याला मात्र त्यात पुरणपोळीचे तुकडे असायचे. घरी आल्यावर आई ते तुकडे निवडून वेगळे काढायची आणि आम्हां भावंडांना वाटून द्यायची. त्या तुकड्यासाठी आम्ही दिवसभर वाट बघायचो. कोणाच्या ताटातला उरलेला आहे, हे पोटाला कळत नव्हते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली, आणि दुसऱ्या वर्षी आमच्या वाडीत दीक्षेचा कार्यक्रम झाला. वाडीच्या पंचांनी एकमताने ठरवले की, आजपासून टोपली बंद. कोणी उपाशी राहिला तरी चालेल, पण दारी जाणार नाही. त्यानंतर आलेल्या शिमग्याला घरात पुरणाचा तुकडा आला नाही.

नात म्हणाली, "मग तुम्ही काय केलंत?"

"रडलो," म्हातारा म्हणाला. "पुरणासाठी रडलो. आई रागावली नाही. तिने नाचणीच्या पिठात गूळ कालवला आणि तव्यावर जाड पोळी थापली. हातावर ठेवून म्हणाली, 'खा. ही आपली हाय. कोणाच्या दारची नाय.'"

कोणी काही बोलले नाही. मग विहीणबाई बोलल्या. त्यांचे आजेसासरे १९२७ च्या महाडच्या परिषदेला हजर होते. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागून सगळे चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि मांडवात परत आले. गावात कोणीतरी उठवले की, आता हे देवळात शिरणार. लोक जेवायला बसलेले असतानाच लाठ्या आल्या. शिजवलेले अन्न मातीत गेले. विहीणबाई म्हणाल्या, "आमचा म्हातारा मरेस्तोवर जेवायला बसला की तोंड दाराकडं करून बसायचा. पाठ कधी दाराला दिली नाय."

हे ऐकल्यावर नातीने मागे वळून पाहिले. घराचे दार उघडेच होते, आणि त्याच्याकडे पाठ करून आम्ही सगळे निवांत जेवत होतो.

दुपारी जावई झोपले, म्हातारा कलंडला. चार वाजता नात आम्हां तिघां म्हाताऱ्यांना तळ्यावर घेऊन गेली. चवदार तळे आम्हांला नवे नाही. २० मार्चला किती वेळा आलो असू, पण तेव्हा गर्दी, घोषणा, रांग. त्या दिवशी शांतपणे बसायला मिळाले. बांधीव काठ, पायऱ्या, बाबासाहेबांचा पुतळा आणि पाण्यावर संध्याकाळचे ऊन. नातीने इतिहासाच्या पुस्तकात महाडचा सत्याग्रह वाचला आहे. मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव झाला, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले, तरी प्रत्यक्षात कोणी पाणी घेऊ देत नव्हते. १९२७ नंतर खटला चालला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला, हे सगळे तिने आम्हांलाच समजावून सांगितले. आम्ही कौतुकाने ऐकले.

मग म्हाताऱ्याने तिला एक गोष्ट सांगितली, ती बहुतेक पुस्तकांत एका ओळीत आटोपतात. त्याच मार्चच्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना नुसते पाणी प्यायला सांगितले नव्हते. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे तुकडे मागणे सोडा, असेही बजावले होते. तळ्याचे पाणी एका दिवसात प्यायले गेले. टोपली खाली ठेवायला आमच्या वाडीला त्यानंतर तीस वर्षे लागली. पाणी घेणे म्हणजे हक्क घेणे. त्याला एक दिवस धैर्य पुरते. तुकडा सोडणे म्हणजे भूक सहन करणे. त्याला रोज धैर्य लागते, आणि ते धैर्य बहुतेक ठिकाणी घरातल्या आईने दाखवले. तिचे नाव कोणत्याही स्तंभावर नाही.

नात बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे आज आपण जेवलो, ते पण सत्याग्रहातलंच." आम्ही काही बोललो नाही. पोरीला आमच्यापेक्षा चांगले बोलता येते.

तिथेच पायरीवर विहीणबाईंनी मनातले बोलून दाखवले. जेवणाचे आवतण हे निमित्त होते. "ताई, ह्या पावसाळ्यात तुम्ही दोघं इथं या. चार महिने राहा. वाडीच्या वर डोंगर हाय, तुमच्या लेकीला पावसात रात्र-रात्र झोप लागत नाय."

हे खोटे नव्हे. जुलै २०२१ मध्ये आमच्याच खेड तालुक्यात पोसऱ्याच्या बौद्धवाडीवर दरड कोसळली, झोपेतली माणसे गेली. त्याच दिवसांत महाड तालुक्यातले तळिये डोंगराखाली गेले. आपल्या वाड्या गावाच्या कडेला, उतारावर, कोणाला नको असलेल्या जागेवर वसलेल्या. पाऊस धरला की आम्ही दोघे कंदील उशाशी घेऊन जागे असतो.

पण लेकीच्या घरी राहायचे? चार महिने? दोन मुलगे असताना? भावकी काय म्हणेल ते आम्हांला ऐकूच येत होते. म्हातारीने तेच विचारले. विहीणबाई म्हणाल्या, "माझ्या लेकाच्या घरात मी राहते तेव्हा कोणी काय म्हणत नाय. मग तुमच्या लेकीच्या घरात तुम्ही राहिलात तर काय म्हणायचं? घर दोघांचं हाय. दोघं राबतात."

आम्ही शिकलेले फार नाही, पण वाचलेले आठवते. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपद सोडले, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल रखडवले हे एक मोठे कारण होते. पुढे त्या बिलाचे तुकडे तुकडे होऊन कायदे झाले. १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याने म्हाताऱ्या आईबापांना सांभाळण्याची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखी टाकली, आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच झाला. २००७ चा आईवडिलांचा आणि ज्येष्ठांचा कायदाही मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. बाबासाहेब ज्या समतेसाठी खुर्ची सोडून उठले, ती समता आपण फक्त हिस्सा मागतानाच आठवायची आणि लेकीच्या घरी राहताना विसरायची, हे बरोबर नाही. लेकीला समान मानायचे असेल तर तिच्या हातचे खाण्यात आणि तिच्या छपराखाली झोपण्यात लाज कसली?

म्हातारीने तिथूनच मोठ्या मुलाला फोन लावला. तो चांगला आहे, पैसे पाठवतो. क्षणभर थांबून म्हणाला, "आई, आम्ही दोघं असताना लोक काय म्हणतील?"

म्हातारी म्हणाली, "लोक म्हणतात रे, पण पावसात माझे गुडघे धरून मला परसाकडे न्यायला लोक येत नाहीत. तुझी खोली लहान आहे, तुझा दोष नाही. तुझ्या बहिणीची माया मोठी आहे, तिचाही दोष नाही."

तो हसला. म्हणाला, "मग ताईला सांग, तांदूळ मी पाठवीन." भावाने बहिणीच्या घरी आईबापांसाठी तांदूळ पाठवायचा, आम्हांला वाटते ही नवी रीत जुन्या रीतीपेक्षा चांगली आहे.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही गावी परतलो, कारण वाडीच्या विहारात वंदनेला हजर राहायचे होते. गाडी अर्धा तास उशिरा पोहोचली, पण लोक थांबले होते. पिशवीत लेकीने खिरीचा डबा दिला होता, तो वाडीतल्या पोरांत वाटला. दुसऱ्या दिवशी फोन आला, नात चांगल्या मार्कांनी पास झाली. मृग लागायच्या आधी कौले शाकारून, कोंबड्या शेजारी देऊन आम्ही महाडला गेलो आणि तो पावसाळा लेकीकडे काढला. भावकीत चार दिवस कुजबूज झाली. पाचव्या दिवशी लोकांना दुसरा विषय मिळाला.

वाचकहो, आपल्या घरांत आता सणाला काही कमी नसते. १४ एप्रिल असो, बुद्धपौर्णिमा असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, खीर-पुरी कोणीही करू शकतो. म्हाताऱ्या माणसांचे पोट तर दोन घासांत भरते. म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे. आपल्या आजी-आजोबांना सणाला बोलवाल तेव्हा 'आलात तर या' असे म्हणू नका. आठ दिवस आधी आवतण द्या, आणि ते सुनेने दिले, जावयाने दिले, विहिणीने दिले तर त्याची गोडी दुप्पट. स्टँडवर किंवा स्टेशनवर एखादे पोर घ्यायला पाठवा. घरात आल्यावर 'बसा बसा' म्हणून कोपऱ्यात बसवू नका. निवडायला भाजी द्या, सोलायला लसूण द्या. गोळ्या लक्षात ठेवा आणि खिरीची लहान वाटीही लक्षात ठेवा. एका पंगतीला बसा. आणि जेवताना त्यांना विचारा की, तुमच्या लहानपणी सण कसा होता. ते टाळतील. पुन्हा विचारा. ती माणसे आता थोडी राहिली आहेत, आणि टोपलीची गोष्ट कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत.

आणि लेकीच्या आईबापांना म्हणावेसे वाटते, ओटीवर बसून बांधून आणलेली भाकरी खायचे दिवस गेले. आत या. लेकीच्या हातचे ताट पुढे आले की हात धुवून बसा आणि पोटभर जेवा. ते उपकाराचे अन्न नाही, ते आवतणाचे अन्न आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!